आम्ही म्हंजे कोण?

सांगलीत माधवनगर रस्त्यापासून जरा आत एक पत्र्याची शेड आहे. दिवसा ती मोकळीच असते. रात्री साडेआठनंतर एकेक करत नऊ इलेक्ट्रिक रिक्षा तिथे येऊन लागतात आणि सकाळी सहाच्या आत निघून जातात. शेडमालक गाडीमागे रात्रीचे ठरलेले पैसे घेतो, त्यात वीज आणि राखण दोन्ही आलं. सुरुवातीला त्याला भीती होती की असं पैसे घेऊन चार्जिंग करू देणं म्हणजे वीज विकणं, आणि त्याला परवाना लागेल. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. मी त्याला ते वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्यानं मला शेडमध्ये मोजमाप करायला परवानगी दिली.

माझं एम.टेक.चं दुसरं वर्ष. विषय होता, बॅटरीवरच्या तीनचाकींच्या चार्जिंगचा लो टेन्शन, म्हणजे घरा-दुकानांतल्या कमी दाबाच्या, वायरिंगवर होणारा परिणाम. मोठ्या कंपन्यांच्या चार्जिंग स्टेशनांवर भरपूर लिहिलं जातं. पण आपल्याकडे प्रत्यक्षात बहुतेक गाड्या अशा शेडमध्ये, घराच्या पडवीत, दुकानाच्या शटरआड, १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज होतात. तिथलं मोजमाप कुणी करत नाही म्हणून मला ते करायचं होतं.

नऊपैकी सहा गाड्या लेड-ॲसिड बॅटरीच्या होत्या. सीटखाली १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या, मिळून ४८ व्होल्ट. तीन गाड्या लिथियमच्या. चार्जर भिंतीवर छातीइतक्या उंचीवर बसवलेत. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत काहीही वीजेचं बसवताना माणूस आधी भिंतीवरची पाण्याची खूण बघतो.

या शेडचं वायरिंग आण्णा बघतात. बोर्डातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत. बोर्ड म्हणजे एमएसईबी. २००५ मध्ये महावितरण झालं तरी आमच्याकडची निम्मी माणसं अजून बोर्डच म्हणतात. मी पहिल्यांदा गेले त्या रात्री आण्णा मेन स्विचच्या पेटीपुढे उभे होते. हातात जुना टोंग टेस्टर, म्हणजे वायर चिमट्यात धरून करंट मोजायचा मीटर. तीन फेजच्या वायरी एकेक करून चिमट्यात धरल्या, मग परतीचा न्यूट्रल धरला. मला म्हणाले, "टोंग काय बी म्हणू दे, न्यूट्रल चटका देतोय. बघ, वरनं उलटा हात लावून बघ."

इन्सुलेशनवरून उलटा हात लावला. खरंच गरम होता. फेजच्या वायरींपेक्षा जास्त.

आम्ही पुस्तकात शिकतो की तीन फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधून करंट जवळजवळ शून्य. शेडमध्ये तीन-तीन गाड्या एकेका फेजवर होत्या, म्हणजे वाटणी बरोबर. टोंग टेस्टर न्यूट्रलवर कमी आकडा दाखवत होता. आणि वायर मात्र सांगत होती की हे खोटं आहे. मला पडलेला हा पहिला खरा प्रश्न. तो माझ्या पुढ्यात आणून ठेवला आण्णांनी.

उत्तर शोधायला आठवडा गेला. स्वस्त चार्जरच्या आत डायोडचा ब्रिज असतो. तो वीज सलग ओढत नाही. व्होल्टेज चढून बॅटरीच्या वर गेलं की तेवढ्यापुरती ओढतो, उतरलं की थांबतो, म्हणजे घोटाघोटानं पितो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या मूळ लाटेत १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटा मिसळतात. यांना हार्मोनिक म्हणतात. यातली १५० हर्ट्झची, म्हणजे तिसरी, फार वाईट. तीन फेजमधले मूळ करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना पुसून टाकतात, पण तिसऱ्या हार्मोनिकचे तिन्ही करंट एकाच वेळी चढतात आणि एकाच वेळी उतरतात. ते पुसले जात नाहीत, त्यांची बेरीज होते. लोड अगदी समान असतानाही न्यूट्रलमधला करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. आणि आण्णांचा जुना टोंग सरासरीवरून आकडा काढणारा, स्वच्छ साइन लाटेसाठी जुळवलेला. लाट अशी टोकदार झाली की तो कमी दाखवतो. लाट कशीही असो, खरा आकडा देणारा ट्रू आरएमएस जातीचा मीटर लावला तेव्हा न्यूट्रलवरचा आकडा फेजच्या पुढे गेला. आण्णा म्हणाले, "हात बरोबर हुता तर."

आता केबल. शेडपर्यंत आलेली केबल साडेतीन कोरची आहे: तीन पूर्ण जाडीच्या कोर फेजला, अर्धी कोर न्यूट्रलला. न्यूट्रलमधून फारसं काही जाणार नाही या हिशोबानं ती बनवलेली असते, आणि दिवे, पंखे, मोटारी यांच्यासाठी तो हिशोब चालूनही जायचा. इथे सगळ्यात जास्त करंट सगळ्यात बारीक तारेतून चालला होता. न्यूट्रल जळून तुटला की काय होतं ते गावात प्रत्येकाला माहीत आहे. व्होल्टेज सैरभैर होतं, एका घरात दिवे मंद आणि शेजारच्या घरात टीव्ही, फ्रिज जळून जातात. इथे तर पत्र्याची शेड, आत नऊ गाड्या आणि रात्री खाटेवर झोपणारा एक वॉचमन.

मोजमाप अकरा आठवडे चाललं. आमच्याकडचा लॉगर तीन सीटींचा होता. सीटी म्हणजे वायरीभोवती बसणारी कडी, तिच्यातून करंट कळतो. तीन कड्या तीन फेजना गेल्या, न्यूट्रलला चौथी नव्हती. आण्णांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांना ट्रू आरएमएसचा क्लॅम्प मीटर दिला आणि दोनशे पानी वही. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत दर तासाला न्यूट्रलचा आकडा, तिन्ही फेजचं व्होल्टेज, किती गाड्या लागल्यात, एवढं ते लिहायचे. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. समासात मधूनच "फि" असं एक अक्षर. मला वाटलं, एखादी गाडी फेरी करून परत आली असेल.

निबंधाचा पहिला मसुदा झाला. त्यात मी ठामपणे लिहिलं होतं की न्यूट्रल तापण्याचं कारण तिसरं हार्मोनिक. एक सुंदर आलेख होता. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात; त्यात रात्री दहा-साडेदहाच्या सुमाराला आर फेजचा लोड उतरतो आणि बी फेजचा चढतो. मी त्याचा अर्थ लावला: पहिल्या खेपेच्या बॅटऱ्या भरल्या, दुसऱ्या खेपेच्या लागल्या.

मसुद्यावर तीन नावं होती. माझं, माझ्या मार्गदर्शक मॅडमचं, आणि आमच्या ओळखीतल्या एका वरिष्ठ प्राध्यापकांचं. लॉगर त्यांच्या लॅबमधला. त्यांनी शेड पाहिली नव्हती, आकडे पाहिले नव्हते, मसुदाही पाहिला नव्हता. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं होतं, "नाव टाक, दुसरं टाकलंस तरी चालेल." आमच्याकडे देवळात मानाचा नारळ असतो, तसं हे मानाचं नाव. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच टाकतात.

हे असं का चालतं याचा एक रोकडा हिशोब आहे, तो मला नंतर कळला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण दिलेत. दोन लेखक असतील तर दोघांनाही निबंधाच्या गुणांपैकी प्रत्येकी ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. नीट पाहिलं तर लक्षात येतं की तिसऱ्यापुढे चौथं, पाचवं, सहावं नाव घातल्यानं आधीच्या कुणाचंही काही कमी होत नाही. पंक्तीत ताट वाढवलं तर आमटीत पाणी घालावं लागतं, इथे तेही नाही. म्हणून कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

आण्णांचं नाव आभारात घालायचं ठरलं होतं. "एका स्थानिक वायरमनचे सहकार्य" असं मी इंग्रजीत लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, निदान नाव तरी घाल, स्पेलिंग विचारून ये. त्यासाठी मी शेडवर गेले. आण्णा म्हणाले, नाव घालतीस तर काय लिहिलंयस ते तरी सांग.

मग खाटेवर बसून मी मसुदा वाचत गेले, वाक्य इंग्रजीत बघायचं आणि मराठीत सांगायचं. "आम्ही अकरा आठवडे एका चार्जिंग शेडमध्ये मोजमाप केलं. आम्ही न्यूट्रलमधल्या करंटची दर तासाला नोंद घेतली."

आण्णांनी थांबवलं. "आम्ही म्हंजे कोण?"

त्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना खरंच कळलं नव्हतं. इंग्रजीतल्या "वी"मध्ये हा प्रश्न पडत नाही, तिथे ऐकणारा आत की बाहेर हे शब्दावरून ठरत नाही. मराठीत ठरतं. समोरच्याला धरून बोलायचं तर "आपण", सोडून बोलायचं तर "आम्ही". मी आण्णांच्याच तोंडावर, त्यांनीच घेतलेल्या नोंदींबद्दल "आम्ही" म्हणत होते. मला उत्तर देता आलं नाही. मी पुढे वाचत राहिले.

आलेखापाशी आले. आर उतरतो, बी चढतो, पहिल्या बॅटऱ्या भरल्या. आण्णांनी वही मागवली, चष्मा लावला, दोन पानं मागं गेले.

"हे असं न्हवं. त्या रातीला दहाला कुणाचीच बॅटरी भरली न्हवती. भरंल कशी? लेड-ॲसिड हाय, आठ-नऊ तास लागत्यात. सिलेक्टर फिरवलावता."

"कुठला सिलेक्टर?"

मला पेटीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे तीन गोल मुठी होत्या, प्रत्येकीवर आर, वाय, बी. तीन-तीन गाड्यांची एकेक लाईन या मुठीतून जात होती. संध्याकाळी एखाद्या फेजवर व्होल्टेज बसलं की चार्जिंग रेंगाळतं, मग वॉचमन मूठ फिरवून त्या लाईनला चांगल्या फेजवर टाकतो. नियमाप्रमाणे २३० व्होल्टच्या वरखाली ६ टक्के चालतं, म्हणजे खाली २१६ पर्यंत. वहीत २०० च्या आतलेही आकडे होते. तेव्हा सहा-सहा गाड्या एकाच फेजवर जायच्या.

"मी लिवलंय की. फि. फिरवला म्हणून. तुला ठावं असंल असं वाटलं मला."

मी अकरा आठवडे त्या पेटीपुढे उभी राहत होते आणि मागं जाऊन पाहिलं नव्हतं. लॉगर दर पंधरा मिनिटांची सरासरी धरायचा, त्यामुळे दोन फेजवरचा बदल एका क्षणात झाला हे त्याच्या आकड्यांत दिसतच नव्हतं. ते फक्त वहीच्या समासात होतं.

यानं निबंधाचा कणाच हलला. न्यूट्रल दोन कारणांनी तापतो: हार्मोनिकनं, किंवा लोड एका बाजूला झुकल्यानं. मी सगळं खापर हार्मोनिकवर फोडलं होतं. आता वहीतल्या "फि"च्या रात्री वेगळ्या काढल्या आणि मूठ न फिरवलेल्या वेगळ्या. सगळं विश्लेषण नव्यानं केलं, त्यात महिना गेला. मूठ न फिरवलेल्या रात्रीही न्यूट्रल गरम होताच, म्हणजे हार्मोनिकची गोष्ट खोटी नव्हती. पण सगळ्यात वाईट आकडे होते ते फिरवलेल्या रात्रींचे. उपायही दोन झाले. हार्मोनिकसाठी न्यूट्रल पूर्ण जाडीचा घ्या आणि घोटाघोटानं न पिता सलग वीज ओढणारा, पॉवर फॅक्टर सुधारणारा चार्जर घ्या. झुकलेल्या लोडसाठी सिलेक्टर काढून टाका, कमी व्होल्टेजचं दुखणं मुळात दुरुस्त करून घ्या. पहिला मसुदा तसाच छापला असता तर कुणीतरी महागडे चार्जर आणले असते, मूठ तशीच फिरत राहिली असती आणि केबल एक दिवस जळली असती. हा विचार मला अजून सोडत नाही.

आता नावाचा प्रश्न नव्यानं उभा राहिला. मी मॅडमना म्हटलं, आण्णा लेखक आहेत. मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही, आणि त्यांनी तसं केलं ते बरं झालं. म्हणाल्या, वाटतं म्हणून नको, नियम वाचून ये.

लेखक कुणाला म्हणायचं यावर इतकं संशोधन आणि इतकी भांडणं झालीत हे मला माहीत नव्हतं. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, त्यातून पुढे आयसीएमजेई हा गट झाला. त्यांच्या कसोट्या आज सगळ्यात जास्त सांगितल्या जातात. कामाची कल्पना, आखणी, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. मजकूर लिहिण्यात किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करण्यात हात हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि चौथी कसोटी, जी २०१३ मध्ये वाढवली: कामाच्या खरेपणाबद्दल कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची जबाबदारी हवी. चारही पाहिजेत. शिवाय त्यात एक न्यायाची गोष्ट सांगितली आहे. पहिली कसोटी ज्यानं पार केली त्याला मसुदा वाचायची आणि दुरुस्त करायची संधी दिलीच पाहिजे. म्हणजे नुसते आकडे घ्यायचे, मसुदा दाखवायचा नाही, आणि मग "त्यानं लिहिण्यात कुठे भाग घेतला" असं म्हणायचं, हे चालणार नाही. मी नेमकं तेच करणार होते.

आमच्या इलेक्ट्रिकलवाल्यांना आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचे नियम जवळचे. तिथे पहिली अट बौद्धिक वाट्याची आहे: सिद्धांत, प्रयोगाची किंवा यंत्रणेची आखणी, नमुना बनवणं, किंवा आकड्यांचं विश्लेषण आणि अर्थ लावणं. नुसतं रीडिंग घेणं त्यात नाही. वरिष्ठांनी पुढे हेच बोट धरलं. पण आण्णांनी नुसतं रीडिंग घेतलं नव्हतं. न्यूट्रलचा प्रश्न त्यांचा होता. आलेखाचा अर्थ मी चुकीचा लावला होता, बरोबर त्यांनी लावला. अर्थ लावणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

या विषयातलं एक जुनं उदाहरण मला फार लागलं. रॉबर्ट बॉइल हे नाव शाळेतल्या नियमामुळे सगळ्यांना ठाऊक. स्टीव्हन शेपिन या इतिहासकारानं १९८९ मध्ये बॉइलच्या प्रयोगशाळेतल्या माणसांवर लिहिलं. भात्यावर, पंपावर, भट्टीवर हात चालवणारे पगारी मदतनीस बरेच होते, आणि लिखाणात बहुतेकांची नावंच नाहीत. शेपिननं त्यांना अदृश्य तंत्रज्ञ म्हटलं. दुसऱ्या टोकाला २०१५ चा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा निबंध: ५,१५४ लेखक, ३३ पानं, त्यातली २४ पानं नुसत्या नावांची आणि संस्थांची. यंत्र सांभाळणारेही लेखक, असं तिथे ठरलेलं आहे. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आमची शेड.

मॅडमनी एक साधा मार्ग काढला. क्रेडिट नावाची एक वर्गवारी आहे, २०२२ मध्ये तिला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात कामाच्या १४ भूमिका आहेत: कल्पना, पद्धत, मोजमाप, डेटा सांभाळणं, विश्लेषण, पडताळणी, साधनं पुरवणं, निधी, देखरेख, पहिला मसुदा, दुरुस्ती वगैरे. मॅडमनी तो तक्ता छापला, चौघांना चार प्रती दिल्या आणि सांगितलं, आपापल्या हातानं, आपण काय केलं ते लिहा, पुढे तारीख घाला. आण्णांसाठी मी मराठीत केला.

आण्णांनी मोजमाप लिहिलं, पडताळणी लिहिलं, आणि "चूक काढली" असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं. मॅडमनी ते विश्लेषण आणि दुरुस्ती या दोन रकान्यांत धरलं. वरिष्ठांनी साधनं पुरवणं एवढं एकच लिहिलं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, हे मला नोंदवलंच पाहिजे. पण आयसीएमजेई घ्या, आयईईई घ्या, नुसती साधनं पुरवून लेखक होता येत नाही. त्याची जागा आभारात. मॅडमनी त्यांना तसं समोर बसून सांगितलं. मी दाराबाहेर उभी होते आणि माझे हात गार पडले होते. दुसऱ्या दिवशी लॉगर परत मागितला गेला. आमचं काम झालं होतं, पण आमच्या मागून येणाऱ्या तुकडीला तो पुढे वापरायचा होता, त्यांना मिळाला नाही. याचं वाईट वाटतं. ज्यांनी मागितला त्यांचं नाव मी घेणार नाही, कारण ही रीत त्यांनी सुरू केलेली नाही.

मग फॉर्म. जर्नलच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखकाचा ईमेल हवा, संस्था हवी, ऑर्किड क्रमांक हवा. ऑर्किड म्हणजे संशोधकाची १६ अंकी ओळख, २०१२ पासून आहे, फुकट मिळते आणि कुणालाही मिळते. पदवीची अट नाही. आण्णांच्या नातवाच्या फोनवर ईमेल उघडला, ऑर्किड काढला. संस्थेच्या रकान्यात काय घालायचं? आण्णा म्हणाले बोर्ड घाल. मी म्हटलं, आण्णा, तुम्ही निवृत्त, आणि हे काम तिथलं नाही. शेवटी "स्वतंत्र वायरमन, सांगली" असं लिहिलं. नावासाठी दोनच चौकोन होते, नाव आणि आडनाव. आण्णा अडून बसले. वडिलांचं नाव मध्ये पाहिजे म्हणजे पाहिजे, सातबाऱ्यावर आहे, सर्व्हिस बुकात आहे, हितं का न्हाई. पहिल्या चौकोनात दोन्ही नावं जोडून घातली.

घरी काही जणांनी विचारलं की त्यांना याचा काय उपयोग, त्यांना कुठे बढती घ्यायची आहे. हा प्रश्न मला बरोबर वाटत नाही. उपयोग होईल त्यालाच श्रेय द्यायचं असतं का? ज्याचं आहे त्याला द्यायचं. आणि वाचणाऱ्यालाही ते कळायला हवं. उद्या कुणी सोलापुरात किंवा इचलकरंजीत अशी शेड मोजायला घेतली, तर त्याला कळेल की या निबंधात पेटीच्या मागं जाऊन पाहणारा माणूस होता, तसा एक आपल्यालाही शोधावा लागेल.

मला स्वतःला भीती चौथ्या कसोटीची होती. जबाबदारी. मॅडमही त्याच मुद्द्यावर अडखळत होत्या. इंग्रजी न वाचणारा माणूस इंग्रजी निबंधाची जबाबदारी कशी घेणार? म्हणून सुधारलेला मसुदा मी तीन संध्याकाळी आण्णांना पूर्ण मराठीत सांगितला. गणित सोडून काही वगळलं नाही, आणि गणिताच्या जागी हे कशासाठी आहे ते सांगितलं. २०२३ मध्ये प्रकाशनातली नीतिमत्ता पाहणाऱ्या कोप या संस्थेनं म्हटलंय की एआय सॉफ्टवेअरला लेखक म्हणता येत नाही, कारण ते कामाची जबाबदारी घेऊ शकत नाही. म्हणजे शेवटी सगळं येऊन अडतं ते उत्तर देण्यापाशी. ते आण्णांना जमेल का, हे आधी ठरवता येणार नव्हतं.

चार महिन्यांनी परीक्षकांचे शेरे आले. त्यातला तिसरा थेट वहीवर होता. सिलेक्टर फिरवल्याची नोंद हातानं ठेवलेली आहे. नोंद ठेवणारी व्यक्ती प्रत्येक वेळी स्वतः हजर होती का? नसल्यास त्या नोंदींवर विश्वास का ठेवावा?

मी मनात उत्तर तयार केलं होतं. नोंदी नियमित आहेत, लॉगरच्या आकड्यांशी जुळतात, वगैरे. तरी आधी शेडवर गेले आणि प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

आण्णा बराच वेळ वही चाळत राहिले. मग एका पानावर बोट ठेवलं, पुढे जाऊन दुसऱ्या पानावर ठेवलं.

"ह्या दोन राती मी न्हवतो. नातीचं बारसं हुतं, कवठ्याला गेलतो. वॉचमननं सकाळी सांगितलं तसं लिवलंय. आकडे बी त्यानंच घेतलेत."

मी म्हटलं, आण्णा, हे तुम्ही आधी...

"आधी कुणी इचारलं न्हाई. आता इचारलंय तर खरं लिहायचं. बाकी सगळ्या राती मी हुबा हुतो, ते बी लिही."

"मग त्या दोन रात्रींचं काय करायचं?"

"काढून टाकू आपण."

दोन्ही "फि"च्या रात्री होत्या. काढल्यावर सरासरी थोडी खाली आली, निष्कर्ष तोच राहिला. परीक्षकाला उत्तर लिहिलं: दोन रात्री नोंद ठेवणारा लेखक स्वतः हजर नव्हता, त्या रात्री विश्लेषणातून वगळल्या आहेत, नवा तक्ता सोबत. त्याखाली कुणी उत्तर दिलं त्याचं नाव मागितलेलं नव्हतं, तरी मी घातलं, वडिलांच्या नावासकट. रात्री अकराला अपलोड केलं. तोवर शेडमध्ये आठ गाड्या लागल्या होत्या, नववी यायची होती.